राखेनं तुंबलेली मोरी

मोरीत खायचा सोडा टाकला अन् वरून लिंबू पिळलं की पांढरा फेस येतो. फसफस आवाज होतो. पाहणाऱ्याला वाटतं, आता निघालं सारं. सुनेनं मोबाइलवर पाहिलं होतं, म्हणून आम्ही एकदा तेही केलं. फेस आला, फेस बसला, पाणी होतं तिथंच उभं राहिलं. वर लिंबाच्या बिया तरंगत होत्या.

मी चौथी शिकलेला माणूस. सारा जन्म खामगावच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलण्यात गेला. पण मोरीबद्दल मला कोणी शिकवू नये. तेला-तुपानं तुंबली असेल तर उकळतं पाणी अन् कपड्याचा सोडा, बस. केस अडकले असतील तर बांबूची कामटी घ्यायची, टोकाला आडवे काप मारायचे, आत घालून पिळा देत ओढायची. केस गुंडाळून बाहेर येतात. वास मारत असेल तर कडुनिंबाचा पाला उकळून गरम गरम ओतायचा. हे सारं मी केलेलं आहे अन् हे चालतं. पण राखेला यातलं काही लागत नाही. राख वाळूसारखी तळाशी जाते, तिच्यावर तेल बसतं, तेलावर पुन्हा राख. आमच्या मोरीत राख होती, अन् ती माझ्या बायकोच्या हातची होती.

बायकोचं विसरणं सुरू झालं त्याला आता बरीच वर्षं झाली. आधी वरणात मीठ दोनदा पडायचं. मग शेजारच्या घरात शिरून ती आपलीच खाट शोधू लागली. मग एक दिवस पोरगा कामावरून आला तर त्याला म्हणाली, "बसा. कोणाकडचे तुमी?" पोरगा उभ्या उभ्या रडला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे आता मागं फिरणारं नाही. माझं नाव तिनं आयुष्यात कधी घेतलंच नव्हतं, त्यामुळे ते ती विसरली का नाही हे मला समजायला मार्ग नाही.

एक गोष्ट तेवढी तिच्या हातांनी धरून ठेवली. भांडी घासणं. सकाळी उठली की ती मोरीत जाऊन उकिडवी बसायची. खापरात राख, नारळाची शेंडी, अन् समोर पितळेचा गंज, म्हणजे आमच्याकडचं पातेलं, परात, तवा, जे असेल ते. डोळे कुठंतरी दुसरीकडं, हात मात्र बरोबर फिरत. बुड घासून झालं की गंज फिरवायची, काठाला बोट लावून पाहायची, मग धुवायची. त्यात एक चूक नाही. मी खाटेवरून पाहत बसायचो. तेवढा वेळ ती माझी बायको होती.

भांडी संपली की मात्र पंचाईत. ती उठायची, पदर डोक्यावर घ्यायची अन् घराबाहेर पडायची. "मी जातो आता. माय वाट पाहून राह्यली." सरळ फाट्यावर. एकदा मेहकरच्या गाडीत बसून गेली. कंडक्टरला माहेरचं गाव सांगितलं. तो माणूस चांगला, त्यानं स्टँडवर चहा पाजून बसवून ठेवली अन् फोन केला. दुसऱ्यांदा फाट्याच्या पुढं डांबरी रोडच्या मधोमध चालत होती, मागं ट्रक हॉर्न मारत होता. तिच्या माहेरी आता कोणी नाही. विहीर होती, तीही बुजली.

म्हणून मी भांडी संपू द्यायचो नाही. घरात गॅस आहे, गॅसवर भांडं काळं होत नाही. पण आंघोळीचं पाणी मी मागच्या अंगणात चुलीवर तापवतो. तिथं तुराट्या-पऱ्हाट्या, तुरीच्या-कापसाच्या वाळल्या काड्या, पेटवून तिनं घासलेला गंज मी पुन्हा जाळावर धरायचो. काळा झाला की नेऊन तिच्यापुढं ठेवायचो. ती म्हणायची, "लय काळं करता बापा तुमच्या घरचे लोक." मी म्हणायचो, "हाव, लय." राखही त्याच चुलीची.

सून हे पाहायची. एकदा तिच्या तोंडून निघूनच गेलं, "मामाजी, मी दिवसभर शेतात निंदून येतो, घरी येऊन तुमचा खेळ पुसतो. राख तुमची, काळं तुमचं, फरशी माही." मी गंज उचलून चुलीकडं गेलो.

आधी हा त्रास नव्हता. मोरीच्या भिंतीला खाली भोक होतं, पाणी तिथून उघड्या नालीनं मागं जायचं, अळूला लागायचं. राख अळूत, अन् अळूची पानं परातीएवढी. मग गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, कडेनं बंद गटार झालं. पोरानं फरशी फोडून प्लास्टिकचा पाइप टाकला, मागचं भोक विटेनं बुजवलं, वर टाइल बसवली. घर चकाचक झालं. पण रस्ता उंच अन् आमचं घर खाली. पाइपाला उतार म्हणावा असा राहिलाच नाही. मी तेव्हाच म्हणालो होतो. पोरगा म्हणाला, "बाबा, मिस्त्री तुमी हा का तो?"

त्या पाइपात राख बसत गेली. पाणी आधी हळू गेलं, मग उभं राहिलं, मग उंबऱ्यावरून स्वयंपाकघरात आलं. काळपट, तेलकट, खरकट्याचं पाणी. सून पोतं टाकून पुसायची. ती पुसायची अन् बायको आत बसून घासायची. दोघींचे हात चालत, दोघी एकमेकींकडं बघत नसत.

पोरानं एक दिवस ॲसिडची बाटली आणली. माय दुपारी झोपली होती, तेव्हा त्यानं मोरीत ओतली. पिवळा धूर निघाला, घरभर डोळे झोंबले. मी ओरडलो, "काय ओतलं बे?" तो म्हणाला, "काही होत नाही, खाली जाते ते," अन् कामावर निघून गेला. गेलं नाही. पाइपच तुंबलेला, जाणार कुठं? पाण्यात मिसळून वरच उभं राहिलं. मी अंगणात तुराट्या मोडत होतो, सून पाणी भरायला गेली होती. झोपेतून उठून बायको केव्हा मोरीत जाऊन बसली, कोणाला दिसलं नाही.

मी आलो तेव्हा ती परात घासत होती. हात कोपरापर्यंत पाण्यात. परातीवर लाल लागलेलं होतं, ते घासून घासून ती काढू पाहत होती, अन् ते पुन्हा पुन्हा लागत होतं. तिच्या तळहातांची साल निघाली होती. ती रडली नाही. दुखतं म्हणून सांगायचं असतं, हेही ती विसरली होती. मी हात धरून उठवलं तर माझ्यावरच चिडली, "सोडा ना, कायले धरता? परात निघून नाही राह्यली."

पोरगा कामावरून आला. मायच्या हातांना बांधलेल्या पट्ट्या पाहिल्या, जेवला नाही. बाटली त्यानं स्वतः नेऊन उकिरड्यावर फोडली. त्या दिवसापासून घरात ठरलं की या मोरीत असं काही टाकायचं नाही, जे हाताला खाईल. म्हणून सोडा, म्हणून लिंबू, म्हणून कडुनिंबाचा पाला. लोकांना वाटतं हा म्हाताऱ्याचा नाद. नाद नव्हता. त्या पाण्यात तिचे हात असायचे.

पोरानं दुसरा मार्ग काढला. म्हणाला, मेहकरात एक जण आहे, तारेची मशीन घेऊन येतो, पाइपात घालून फिरवतो, मोकळा करून जातो. मी नाही म्हटलं.

"काऊन नाही?"

"तुले माहीत हाये काऊन नाही."

त्याला माहीत होतं. माझ्या बापाला गावानं मेलेली ढोरं ओढायला लावलं, ते आज्यापासून चालत आलेलं होतं. ज्या दिवशी आमच्या वस्तीनं ते काम टाकलं, त्या दिवशी बापानं दोर विहिरीत फेकला अन् घरात सांगितलं की दुसऱ्याची घाण आपण काढायची नाही, अन् आपली घाण दुसऱ्याला काढायला लावायची नाही. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा अन् बुद्धाचा फोटो आहे, अन् त्याखाली न लिहिलेला हा एक कायदा आहे. मी संडासाचं टाकं स्वतः उपसलेलं आहे. शोषखड्डा स्वतः खणलेला आहे.

पोरगा म्हणाला, "बाबा, तो हातमोजे घालते. मशीन त्याची, धंदा त्याचा. खुशीनं करते."

"त्याचा बाप काय करे, विचारलं का त्याले?"

"तुमी कोणत्या जमान्यात हा?"

"तू ज्यात जन्मला त्यात. तुह्यासाठीच आणला तो जमाना."

सून मधेच म्हणाली, "जमान्याचं सोडा, पाणी चुलीपाशी आलं." गॅसच्या शेगडीला ती अजून चूलच म्हणते. ती खोटं बोलत नव्हती.

मग मी चुन्याचं केलं. भिंतीला मारून उरलेला कळीचा चुना कोठीत होता. आमच्याकडं जुन्या लोकांचा चुन्यावर लय भरवसा. नालीला वास आला, टाका चुना. साथ आली, टाका चुना. ग्रामपंचायतही तेच करते. मला वाटलं, चुना उकळतो, त्या उकळीनं तेल सुटेल अन् राख वाहून जाईल. बायकोला मी सुनेबरोबर वस्तीतल्या विहारात पाठवलं. ती तिथं शांत बसते, कोणी वंदना म्हणत असेल तर ओठ हलवते. घरी मी मोरीतलं पाणी उपसलं, पाइपाच्या तोंडात चुना भरला, वरून गरम पाणी सोडलं. खदखदला. वाफ आली. मी खूश झालो. बायको यायच्या आत मोरी धुऊन चुन्याचा कण ठेवला नाही.

दोन-चार दिवसांनी कामटी घातली तर टक्कन वाजली. लोखंडाची सळई घातली, तीही वाजली. राख, चुना अन् पाणी. जुन्या घरांच्या भिंती यावरच उभ्या होत्या, हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या वेळी आठवलं नाही एवढंच.

पोरगा वाकला, सळई ठोकून पाहिली अन् हसला. कितीतरी दिवसांनी हसला. "वा रे बाबा! पाइपात भिंतच बांधून ठेवली तुमी."

"पाइपच छोटा आणला तू."

"हाव, माहीच चूक." मग हसणं थांबलं. "आता ऐका. रविवारी मिस्त्री येते. ओट्यावर सिंक बसवतो, नवीन लाइन वरतून काढतो. मोरी भरून टाकतो सिमेंटनं. राख बंद."

"अन् तुही माय?"

तो पायाच्या अंगठ्यानं टाइल टोकरत राहिला. मग म्हणाला, "मधल्या खोलीले बाहेरून कडी लावू. रोडवर मरन त्यापक्षा बरं."

सून भिंतीकडं तोंड करून पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं.

कडी त्यानं दुसऱ्याच दिवशी बसवली. मोरी बंदच होती, पाणी टाकायची सोय नव्हती. सून भांडी बाहेर नळाशी घासू लागली. सारे आपापल्या कामाला गेले की मी बायकोला खोलीत नेऊन बसवायचो अन् कडी लावून दाराबाहेर बसायचो. आत मी एक गंज ठेवला होता, कोरडा. कोरड्या गंजावर तिचा हात चालला नाही. थोड्या वेळानं तिनं दार वाजवलं.

"कोण हाये? उघडा ना."

मी दाराला पाठ लावली.

"बाई, भांडे पडले हायेत माहे. सासूबाई बोलन मले."

तिची सासू म्हणजे माझी माय. ती जाऊन किती काळ लोटला. जिवंत होती तेव्हाही ती हिला फार बोलली नाही, पण हिला आता तेवढंच भय आठवत होतं. तिनं दार वाजवणं सोडलं नाही. जोर नव्हता, बुक्क्या नव्हत्या. तळहातानं थोपटल्यासारखं, थांबून थांबून. तळहाताची कातडी अजून नवी होती. मी दाराला पाठ लावून बसलो होतो, मला ते पाठीत लागत होतं.

मग आतून पाण्यासारखा आवाज आला. उघडून पाहिलं तर तिला लघवी झाली होती, अन् त्यात पदराचं टोक भिजवून ती गंज घासत होती. माझ्याकडं पाहून म्हणाली, "पाणी भेटलं."

मी तिला धुतलं, दुसरं लुगडं नेसवलं. कडी पुन्हा लावली नाही. कोठीतून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, काढली, अन् तिला अंगणात चुलीजवळ बसवून तिच्या पदराला माझ्या धोतराची गाठ मारली. सून शेतातून लवकर आली होती. आमच्या दोघांची गाठ पाहून ती दारातच थांबली.

"हे काय मामाजी?"

"हिले धर. हात सोडू नको. मले फरशी फोडायची हाये."

"ते येतीन तर चिल्लावतीन ना."

"चिल्लावू दे."

ती काही म्हणेल असं वाटलं होतं. तिनं गाठ सोडली अन् सासूचा हात आपल्या हातात घेतला. "चला आत्याबाई, इकडं सावलीत बसू. पाहू काय तमाशा करतेत."

टाइल पहिल्या घावाला फुटली. खालचा कोबा फुटेना. गाठी उचलणारे खांदे आता नाहीत. दम लागला की मी भिंतीला टेकायचो अन् सून तिकडून म्हणायची, "राहू द्या, रविवारी मिस्त्री फोडन." ती हे मला थांबवायला म्हणत होती का डिवचायला, कोण जाणे. पुन्हा उचलायचो. कोबा निघाला, माती निघाली, पाइप उघडा पडला. तो करवतीनं कापला तेव्हा जो वास आला तो सांगण्यासारखा नाही. पाइपात बसलेल्या घाणीला सडलेल्या अन्नाचा, साबणाचा अन् मेलेल्या उंदराचा असा एकच वास असतो. मी तोंडाला फडकं बांधलं नाही. हाताला मोजे नव्हते. घाण माझ्या घरची होती.

पाइपाचा तुकडा अंगणात नेऊन दगडावर आपटला. प्लास्टिक तडकलं अन् आतून एक दांडा निघाला. हातभर लांबीचा, करडा, गोल, पाइपाच्या आकाराचा. राख, चुना, तेल, केस, भाताची शितं, सारं एक झालेलं. मी तो धुऊन उन्हात टाकला. मग आत जाऊन भिंतीच्या मागच्या भोकातल्या विटा काढल्या अन् पूर्वीसारखी उघडी नाली खणायला घेतली, मागं अळूपर्यंत. अळू तर कधीच वाळून गेलं होतं.

संध्याकाळी पोरगा आला. फुटलेली टाइल, मातीचा ढीग, कापलेला पाइप अन् चिखलानं भरलेला मी. त्याचा चेहरा लाल झाला. काही बोलणार, तेवढ्यात अंगणातून आवाज आला. खर्र, खर्र.

सुनेचा हात सुटला होता, का तिनं सोडला होता. बायको चुलीपाशी बसली होती. तो राखेचा दांडा तिनं दगडावर आपटून मोडला होता, एक तुकडा हातात धरला होता, अन् त्यानं ती गंजाचं बुड घासत होती. नारळाच्या शेंडीपेक्षा चांगलं निघत होतं. काळं जाऊन पितळ दिसू लागलं होतं. केस निघाला की ती बोटानं बाजूला काढायची.

पोरगा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. ती वर पाहून म्हणाली, "बाजूले व्हा भाऊ, उजेड अडवू नका."

तो बाजूला झाला. तिथंच चुलीच्या कडेला बसला. मग मला म्हणाला, "मच्छर होतीन त्या नालीनं."

"होतीन."

"पंचायतवाले बोलतीन."

"बोलू दे. मी हाये."

रविवारी मिस्त्री आला, सिंक बसलं. सुनेला उभ्यानं भांडी घासायला बरं पडतं, तिची कंबर दुखायची थांबली. मोरी राहिली, उघडी नालीही राहिली. मच्छर झाले, पंचायतीचा माणूस दोनदा बोलून गेला. नालीतली राख मी कुदळीनं स्वतः ओढतो. अन् दर आठवड्याला तिच्यात उकळतं पाणी अन् कपड्याचा सोडा टाकतो, बायको मोरीत नसताना. तुंबत नाही तरी टाकतो.

तिचे हात आता हळू झालेत. गंज फिरवायचा राहून जातो, ती एकाच जागी घासत राहते, तिथं पितळ पातळ झालं आहे. मोरीत बसायला उठायलाही आता मला धरावं लागतं. मध्येच थांबते, राखेकडं पाहते, बोटं नाकाशी नेते. मी मनगट धरून हात गंजावर ठेवतो, मग ते चालू लागतात. तेवढं अजून होतं. पुढं ते होणार नाही हे मला कोणी सांगायची गरज नाही.

आज सकाळी तिनं हात धुतले अन् पदर डोक्यावर घेतला.

"झाले बापा तुमचे भांडे. आता मले जाऊ द्या घरी. लेकरू वाट पाहून राह्यलं."

"जा ना," मी म्हणालो. "एवढा एक गंज राह्यला. तेवढा घासून जा."

ती बसली. तिनं धुतलेलाच गंज मी उचलला, मागं नेला अन् तुराट्या पेटवल्या.